एकावन्न नंबरचा फोटो

शिरपूरकडच्या एका पाड्यावर सिकलसेलच्या तपासणीला आम्ही गेलो होतो. धुळे-जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा रक्ताचा आजार आढळतो. एका लेकराला तो निघाला आणि घरच्यांनी लगेच सुनेकडे बोट दाखवलं. आई आणि बाप, दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच असा आजार होतो, हे समजावताना मला रोझलिंड फ्रँकलिन आठवली.

जनुक म्हणजे डीएनएच्या दोऱ्याचा एक तुकडा. त्या दोऱ्याची घडण उलगडण्यात या बाईचा मोठा वाटा.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनमधल्या सुखवस्तू ज्यू घरातला. ती केंब्रिजला शिकली. तिथं मुली परीक्षा द्यायच्या, पण मुलांसारखी पूर्ण पदवी त्यांना १९४८ पर्यंत मिळत नसे! आधी कोळशावर संशोधन करून तिनं डॉक्टरेट मिळवली, मग पॅरिसला क्ष-किरणांचं तंत्र शिकली. १९५१ मध्ये ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. डीएनएचा केसाहून बारीक धागा क्ष-किरणांपुढे तासन्‌तास ठेवायचा, असं ते चिकाटीचं काम. मे १९५२ मध्ये तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्यानं ५१ नंबरचा फोटो काढला. त्यात फुलीसारखी नक्षी उमटली, म्हणजे धागा गोल जिन्यासारखा पिळदार!

जानेवारी १९५३ मध्ये सहकारी विल्किन्सनं तो फोटो तिच्या नकळत वॉटसनला दाखवला. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिकचा लेख छापून आला. त्याच अंकात रोझलिंडचाही लेख होता, पण त्यांच्यामागे. ती मात्र रडत बसली नाही, दुसऱ्या कॉलेजात जाऊन विषाणूंवर काम करू लागली. पुढे बीजाशयाचा कॅन्सर झाला, तरी काम चालूच. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, अवघ्या ३७ व्या वर्षी. १९६२ चं नोबेल त्या तिघा पुरुषांना मिळालं.

सिकलसेलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्यात कामाचे तीन तुकडे, मध्ये दोन वगळायचे. एवढ्या मोठ्या मजकुरात एकच अक्षर बदलतं आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते. आईबाप दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के.

पाड्यावर मग मुलाच्या बापाचंही रक्त तपासलं. तोही वाहक निघाला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग पुढं आल्या आणि नातवाच्या गोळ्या किती वाजता द्यायच्या ते विचारू लागल्या.