थॉमस हंट मॉर्गन

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या बारीक माश्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. हाताने हाकलून देण्यापलीकडे त्यांची दखल आपण घेत नाही. परंतु याच क्षुद्र जीवाच्या साहाय्याने एका शास्त्रज्ञाने आनुवंशिकतेचे मोठे कोडे उकलले. त्या थॉमस हंट मॉर्गन यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

मॉर्गन यांचा जन्म २५ सप्टेंबर १८६६ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे झाला. रानावनांत हिंडून पक्ष्यांची अंडी आणि जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. १८९० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते ब्रिन मॉर कॉलेजात अध्यापन करू लागले. एका इवल्याशा अंड्यातून डोके, धड, पाय हे सारे आपापल्या जागी कसे निर्माण होते, या गर्भविकासाच्या प्रश्नाने त्यांचे मन तेव्हा व्यापले होते.

१९०४ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. मेंडेलचे नियम तेव्हा नुकतेच पुन्हा उजेडात आले होते. परंतु मॉर्गन यांचा त्यांवर विश्वास नव्हता. आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर वसतात, हेही त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या लहानशा प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांतून हजारो माश्या वाढत होत्या. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. लाल डोळ्यांच्या माद्यांशी त्याचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत जवळजवळ सर्व माश्या लाल डोळ्यांच्या निपजल्या. दुसऱ्या पिढीत २,४५९ माद्या व १,०११ नर लाल डोळ्यांचे, तर ७८२ नर पांढऱ्या डोळ्यांचे निघाले. पांढऱ्या डोळ्यांची मादी मात्र एकही नव्हती! हा गुण लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्राशी निगडित आहे, हे उघड झाले. मॉर्गन यांच्या प्रयोगाने मॉर्गन यांचेच मत खोडून काढले आणि त्यांनी ते निःसंकोचपणे सोडून दिले.

त्यांना शिष्यही तसेच लाभले. स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली, माळेतील मण्यांप्रमाणे जनुके गुणसूत्रावर ओळीने असतात, हे दाखविणारा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. १९१५ साली ब्रिजेस यांना एक विलक्षण माशी सापडली. माशीच्या पंखांमागे तोल सांभाळणाऱ्या दोन गाठी असतात. या माशीत त्यांना पंखांचे रूप येऊ लागले होते. एका जनुकातील बिघाडाने एका अवयवाच्या जागी दुसरा घडू पाहत होता!

मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम त्यांनी आपल्या मुलांबरोबरच ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्याही मुलांना वाटून दिली. १९३४ साली गर्भविकास आणि जनुके यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पण दोहोंमधील दुवा त्यांच्या हाती पुरता लागला नाही. ४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

तो दुवा पुढे स्टर्टेव्हंट यांचे शिष्य लुइस यांना ब्रिजेस यांच्या त्याच माशीच्या वंशातून गवसला. अवयवांची जागा ठरविणारी जनुके शरीरातील भागांच्याच क्रमाने गुणसूत्रावर मांडलेली असतात, हे त्यांनी १९७८ साली सविस्तर मांडले. १९८४ नंतर अशीच जनुके उंदरांत व माणसांतही आढळली. मनुष्यात ती ३९ असून चार गुणसूत्रांवर विभागलेली आहेत. माशी आणि मनुष्य यांचे देह इतके भिन्न. तरी त्यांची घडण करणारी मूळ सामग्री एकच! जुन्याच जनुकांच्या संख्येत व वापरात फेरफार होऊन प्राण्यांची नवनवी रूपे उत्क्रांत झाली, असे आता शास्त्रज्ञ मानतात. लुइस यांना १९९५ साली दोन सहमानकऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

तरुणपणी मनात घोळलेल्या प्रश्नाचे उत्तर मॉर्गन यांना पाहावयास मिळाले नाही. ते त्यांच्या शिष्याच्या शिष्याने शोधले. आपले मत चुकीचे ठरताच ते सोडण्याचे धैर्य आणि आपले यश इतरांत वाटून घेण्याचे औदार्य, हे दोन्ही गुण आम्हां विद्यार्थ्यांना त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगे आहेत.