काळाचा छांदिष्ट : आल्फ्रेड ली लूमिस

छंद हा शब्द आपल्याकडे जरा हलक्यानेच घेतला जातो. अभ्यास सोडून करावयाचा उद्योग तो छंद, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. परंतु एखाद्या माणसाचा छंद इतका खोल जातो, की शेवटी जगाला त्याचे ऋण मानावे लागते. अमेरिकेतील आल्फ्रेड ली लूमिस हे असेच एक गृहस्थ होते. शिक्षणाने वकील, व्यवसायाने सराफ्यातील बडे धनिक आणि अंतःकरणाने घड्याळवेडे! सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणे हा त्यांचा छंद. या छंदाचा उपयोग काय, असे त्यांना कोणी विचारले असते, तर सांगण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी कदाचित नसते. पुढे मात्र त्याच सूक्ष्म कालगणनेच्या बळावर अंधाऱ्या समुद्रात हजारो जहाजांना वाट सापडली.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका वाटू नये. इ. स. १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचणारे ज्ञानराज हे पार्थपूरचे; आणि पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असे अभ्यासक मानतात. गोदाकाठच्या त्या पंडितांनी ग्रहताऱ्यांवरून काळ मोजला. लग्नमंडपात पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र तर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहे. काळ अचूक मोजावा ही ओढ जुनीच; साधने तेवढी बदलत गेली.

लूमिस यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील आणि आजोबा दोघेही नामांकित डॉक्टर. आल्फ्रेड यांची बुद्धी लहानपणापासून गणिताकडे धावणारी. पटाकडे न पाहता बुद्धिबळाचे डाव खेळण्याइतकी त्यांची स्मरणशक्ती तल्लख होती. येल विद्यापीठात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, पण पुढे घरच्या वळणाप्रमाणे व्यवहाराचा मार्ग धरला. १९१२ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले.

पहिले महायुद्ध आले नसते, तर ते कदाचित वकीलच राहिले असते. युद्धकाळात त्यांची नेमणूक अॅबरडीन येथील तोफांच्या चाचणी केंद्रावर झाली. तोफेतून सुटलेल्या गोळ्याचा वेग मोजण्याची जुनी रीत त्यांना ओबडधोबड वाटली. त्यांनी नवे कालमापक यंत्र तयार केले, ते 'अॅबरडीन क्रोनोग्राफ' या नावाने ओळखले गेले. क्षणाचे तुकडे करून मोजण्याची गोडी त्यांना येथेच लागली. रॉबर्ट वुड या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांशी त्यांचा स्नेहही येथेच जुळला.

युद्धानंतर मेहुणे लँडन थॉर्न यांच्यासह त्यांनी बॉनब्राइट ही पेढी हाती घेतली. त्या काळी अमेरिकेत गावोगाव वीज पोहोचत होती. वीज कंपन्यांना भांडवल उभारून देण्याच्या धंद्यात दोघांनी अमाप पैसा मिळविला. १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि कित्येक कोट्यधीश रस्त्यावर आले. लूमिस यांनी मात्र त्यापूर्वीच आपले भाग विकून पैसा रोख करून ठेवला होता. लोक बुडत असताना ते अधिकच श्रीमंत झाले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या पैशाचे त्यांनी काय केले, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

न्यूयॉर्कपासून काही अंतरावर टक्सेडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत आहे. तेथील 'टॉवर हाऊस' हा दगडी वाडा लूमिस यांनी १९२६ साली घेतला आणि त्याची प्रयोगशाळा केली. दिवसा शहरात पेढी व सुट्टीत येथे प्रयोग, असा त्यांचा क्रम काही वर्षे चालला. १९३३ च्या सुमारास मात्र त्यांनी पेढीचा निरोप घेतला व ते पूर्ण वेळ संशोधनाकडे वळले. वुड यांच्याबरोबर त्यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर प्रयोग केले. झोपेत मेंदूतील विद्युत्-लहरी कशा बदलतात याचाही अभ्यास केला. आइन्स्टाइन, बोर, फर्मी यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्या वाड्यात पाहुणे म्हणून येऊन गेले.

पण त्यांचे खरे प्रेम घड्याळांवर होते. त्या काळी जगातील सर्वांत अचूक घड्याळ म्हणजे इंग्लंडमधील शॉर्ट यांचे लंबकाचे घड्याळ. त्याचा मुख्य लंबक निर्वात नळकांड्यात हलत असे आणि वर्षभरात जेमतेम सेकंदभर फरक पडे. वेधशाळांनीही असे एखादेच घ्यावे इतके ते मोलाचे. लूमिस यांनी १९२८ साली एकदम तीन घेतली! तीन घड्याळे शेजारी ठेवली, तर भिंतीतून व जमिनीतून जाणाऱ्या सूक्ष्म कंपनांमुळे लंबक एकमेकांच्या तालावर हलू लागतात. म्हणून त्यांनी ती त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत मांडली. मग न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेतील स्फटिक घड्याळांचे ठोके त्यांनी तारेने आपल्या वाड्यात आणले आणि दोन्ही प्रकारच्या घड्याळांची तुलना सुरू केली.

या तुलनेतून एक नवलाची गोष्ट हाती आली. चंद्राच्या ओढीने जशी समुद्राला भरती येते, तसेच पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणही किंचित कमी-अधिक होते. लंबकाची चाल गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते, स्फटिकाची नसते. त्यामुळे चंद्राच्या फेऱ्याबरोबर लंबकाची घड्याळे स्फटिकाच्या तुलनेत पुढे-मागे होत. हा फरक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत मोजावा इतका बारीक होता. १९३१ साली हे काम प्रसिद्ध झाले, आणि हौशी माणसाने केलेल्या या मोजणीची दखल खगोलशास्त्रज्ञांना घ्यावी लागली.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या सप्टेंबरात ब्रिटनचे एक शिष्टमंडळ रडारसाठी अत्यंत उपयुक्त असे मॅग्नेट्रॉन हे उपकरण घेऊन अमेरिकेत आले. लूमिस तेव्हा सूक्ष्मलहरींविषयीच्या सरकारी समितीचे प्रमुख होते. एम. आय. टी. या संस्थेत रडारसंशोधनाची जी प्रचंड प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. याच दिवसांत अटलांटिक महासागरावरील जहाजे व विमाने यांना ढगाळ हवेत आपले स्थान कसे कळावे, हा प्रश्न पुढे आला. सूर्य-तारे दिसत नसतील तेथे दर्यावर्दी काय करणार?

लूमिस यांच्या योजनेचे तत्त्व आपल्याकडच्या उदाहरणाने समजून घेऊ. दोन गावांतील देवळांत अगदी एकाच क्षणी घंटा वाजते आणि आपण मधल्या शिवारात उभे आहोत असे समजा. दोन्ही नाद एकदम ऐकू आले, तर आपण दोन्ही देवळांपासून सारख्या अंतरावर आहोत. एक नाद सेकंदभर आधी आला, तर ते देऊळ आपल्याला सुमारे ३४० मीटरांनी जवळ आहे. अशा सर्व जागा जोडल्या की नकाशावर एक वक्ररेषा मिळते. देवळांची दुसरी जोडी घेतली की दुसरी रेषा मिळते, आणि दोन रेषा जेथे छेदतात तेथे आपण! घंटेच्या जागी रेडिओची लाट ठेवा; ती मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर धावते. मोजणीत हजाराव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० किलोमीटरांचा घोळ होणार. एकमेकांपासून शेकडो मैल दूर असलेल्या केंद्रांचे ठोके जुळविणे हे घड्याळवेड्याचेच काम होते. याच तत्त्वावर ब्रिटनमध्ये रॉबर्ट डिपी यांनी 'जी' ही पद्धत स्वतंत्रपणे बसविली होती. दूरच्या पल्ल्याची अमेरिकन पद्धत लूमिस यांच्या सूचनेतून आली. तिला प्रथम त्यांचेच नाव देण्यात आले होते, पण त्यांना ते रुचले नाही. मग 'दूर पल्ल्याचे दिशादर्शन' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून 'लोरान' हे नाव रूढ झाले.

युद्धानंतर १९५७ च्या सुमारास 'लोरान-सी' ही सुधारित पद्धत आली. तिची लहर १०० किलोहर्ट्झ, म्हणजे फारच कमी कंप्रतेची. अशी लहर जमिनीलगत दूरवर जाते आणि तिची चाल दिवसरात्र जवळजवळ स्थिर राहते. पुढे केंद्रांवर सिझियमची अणुघड्याळे बसविण्यात आली. येथून खरी गंमत सुरू होते. जहाजाला स्वतःचे स्थान ठाऊक नसते, म्हणून ते वेळेवरून स्थान काढते. पण घराच्या छपरावर तार बांधून बसलेल्या हौशी माणसाला स्वतःचे स्थान ठाऊकच असते. लाटेला यावयास किती वेळ लागला हे त्याला गणिताने कळते. उरतो तो केवळ अचूक काळ! अमेरिकेत व युरोपात कित्येक छांदिष्टांनी जहाजांवरील जुने ग्राहक मिळवून आपली स्फटिक घड्याळे या लाटेशी जुळविली. आकाशातून परावर्तित होऊन आलेली लाट थोड्या उशिराने पोहोचून घोटाळा करते. म्हणून प्रत्येक ठोक्याच्या आरंभीचे सुमारे ३० मायक्रोसेकंदच धरावयाचे, हे त्यातील मर्म. ही लाट किती वाजले ते सांगत नाही. ते रेडिओवरील वेळेवरून आधी लावून घ्यावयाचे. सेकंदाची धार मात्र लोरानने घासून घ्यावयाची.

आपल्या देशातही पश्चिम किनाऱ्यासाठी ध्रांगध्रा, वेरावळ व बिलिमोरा येथे लोरान-सीची केंद्रे होती. बिलिमोऱ्याहून परभणी सरळ रेषेत सुमारे ४३० किलोमीटर. म्हणजे तेथील लाट आपल्या गावावरून सेकंदाच्या सातशेव्या भागात जात असे आणि त्याची कोणाला वार्ताही नसे.

लूमिस यांचे उत्तरायुष्य प्रसिद्धीपासून दूर गेले. १९४५ साली पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन त्यांनी पुन्हा विवाह केला. त्याची बरीच चर्चा झाली आणि जुने वर्तुळ तुटले. ११ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. उपग्रहांची पद्धत आल्यावर अमेरिकेने २०१० साली लोरान-सी बंद केले. युरोपातील बहुतेक केंद्रे २०१५ अखेर थांबली. त्याबरोबर अनेक हौशी घड्याळे मुकी झाली. परंतु उपग्रहाचा संदेश क्षीण असतो, तो सहज बुजविता येतो, हे ध्यानात आल्यावर ब्रिटन व दक्षिण कोरिया यांसारख्या देशांनी याच जुन्या लाटेकडे पुन्हा लक्ष वळविले आहे.

लूमिस यांच्याजवळ पैसा होता, आपल्याजवळ तो नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु वेळेवरून स्थान काढण्याचे तत्त्व श्रीमंतांच्या मालकीचे नाही. महाविद्यालयाच्या पटांगणात एक सरळ काठी रोवावी. तिची सावली सर्वांत आखूड होते तो क्षण वर्षभर टिपावा. सरासरी काढली, तर परभणीचा मध्यान्ह घड्याळात सुमारे १२ वाजून २३ मिनिटांनी होतो असे दिसेल. सूर्याला १ रेखांश ओलांडावयास ४ मिनिटे लागतात; तेव्हा भारतीय प्रमाणवेळेच्या ८२॥ अंशांपासून आपण पावणेसहा अंश पश्चिमेस आहोत, हे एका काठीने सिद्ध होते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही हे जमण्यासारखे आहे. त्यासाठी लूमिस यांच्या तिजोरीची नव्हे, त्यांच्या चिकाटीची गरज आहे.