शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (जन्म : मुंबई, २९ एप्रिल १८६७; मृत्यू : न्यू यॉर्क, ७ एप्रिल १९३५) हे मराठी यंत्रसंशोधक होते. सुट्या मालाचे आपोआप वजन करून तो बाहेर सोडणारे यंत्र आणि छपाईचे खिळे ओतणारे 'भिसोटाइप' हे यंत्र यांसाठी ते ओळखले जातात. 'भारतीय एडिसन' या नावानेही त्यांचा उल्लेख केला जातो.

बालपण व सुरुवातीचे प्रयोग

भिसे यांना लहानपणापासून यंत्रांची ओढ होती. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण घरीच बनवले. 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाच्या वाचनातून त्यांचे यंत्रज्ञान वाढत गेले. तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमींचे एक मंडळ स्थापन केले. याच काळात त्यांनी मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्थानकदर्शक तयार केला आणि आतल्या मालात भेसळ करता येणार नाही अशी बाटलीही बनवली. दृष्टिभ्रमाचे प्रयोगही ते करून दाखवत. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे त्यांनी असे प्रयोग सादर केले.

वजनाचे यंत्र

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने किराणा मालाचे वजन करणाऱ्या स्वयंचलित यंत्रासाठी स्पर्धा जाहीर केली. पीठ किंवा साखर यांसारखा माल सतत वाहत असताना त्याचा प्रवाह नेमक्या क्षणी थांबवणे, ही अशा यंत्रातील मुख्य अडचण असते. प्रवाह क्षणभर उशिरा थांबला, तरी वजन चुकते. त्यामुळे ठरलेला भार होताच तराजूच्या दांडीनेच झडप बंद करावी, माल खाली सोडावा आणि रिकामे पात्र पुन्हा जागेवर यावे, अशी साखळी जुळवावी लागते. या स्पर्धेत भिसे यांचा आराखडा ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पहिला आला.

लंडन व भिसोटाइप

या यशानंतर भिसे लंडनला गेले. दिनशा वाच्छा यांनी त्यांची ओळख दादाभाई नौरोजी यांच्याशी करून दिली. नौरोजींनी त्यांना आर्थिक पाठबळ दिले. उत्तर लंडनमधील कार्यशाळेत भिसे यांनी जाहिरातींचे विजेचे फलक, स्वयंपाकघरातील उपकरणे आणि शौचकूप आपोआप धुणारी योजना अशा अनेक वस्तू तयार केल्या.

त्यांचे मुख्य लक्ष खिळे ओतण्याच्या यंत्राकडे होते. खिळा साच्यातून काढण्यापूर्वी वितळलेला धातू घट्ट व्हावा लागतो. साचा तापत गेला की यंत्राचा वेग कमी करावा लागतो. प्रचलित यंत्रांपेक्षा जलद खिळे ओतणे, हा भिसोटाइपचा हेतू होता. कॅस्लन या नामांकित ओतशाळेतील जाणकारांनी ही कल्पना अशक्य ठरवली. तेव्हा भिसे यांनी यंत्र बनवून ते चालवून दाखवले.

मात्र कारखान्यासाठी लागणारे भांडवल उभे राहिले नाही. समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांचे प्रयत्नही अपुरे पडले. १९०७ च्या अखेरीस नौरोजींनाही पुढे पैसा पुरवणे शक्य राहिले नाही आणि भिसे मुंबईस परतले.

टाटांचे साहाय्य व अमेरिका

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिफारशीमुळे भिसे यांना सर रतन टाटा यांचे साहाय्य मिळाले. त्यातून टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट ही संस्था उभी राहिली. पुढे भिसे अमेरिकेत गेले व न्यू यॉर्कमध्ये स्थायिक झाले. तेथे त्यांनी 'आयडियल टाइप कास्टर' हे खिळे ओतण्याचे सुधारित यंत्र तयार केले. त्यांनी तयार केलेले आयोडीनयुक्त औषध 'ॲटोमिडीन' या नावाने विक्रीस आले.

मूल्यमापन

भिसे यांची यंत्रे चालत होती. अडचण भांडवलाची व बाजारपेठेची होती. लायनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांमागे मोठ्या कंपन्या होत्या. भिसे यांना मात्र प्रत्येक टप्प्यावर नवा आश्रयदाता शोधावा लागला. त्यामुळे मोठी कल्पकता असूनही त्यांच्या नावाचा उद्योग भारतात उभा राहिला नाही.