साताऱ्यातला ‘देवाचा दरबार’

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी शिरवळ ओलांडतो, खंडाळा मागे टाकतो आणि खंबाटकीच्या घाटाला लागतो. घाटापलीकडे एक वाट वाईवरून पाचगणी-महाबळेश्वराकडे वळते, दुसरी सरळ साताऱ्याला जाते. समर्थांचा सज्जनगड, छत्रपतींची राजधानी आणि खंडाळा तालुक्यातल्या नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले ही या टापूची सर्वपरिचित ओळख. याच साताऱ्यात १९१७ साली एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एक आगळा प्रयोग मांडला होता, हे मात्र आता फारसे कुणाच्या स्मरणात नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले यांनी एकाच उपासनेत शेजारी शेजारी बसावे, असा तो प्रयोग. त्याला नाव होते ‘देवाचा दरबार’ आणि तो मांडणारे होते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदाने टिळकांचे जेवढे भले केले, तेवढेच नुकसानही केले. शाळेच्या पुस्तकातून भेटलेला हळवा कवी लोकांच्या ध्यानात राहिला. आयुष्याच्या अखेरीस हक्काचा पगार सोडून, ज्या मिशनने सांभाळले तिच्याच चौकटीबाहेर पडलेला बंडखोर विस्मरणात गेला. परधर्मीयाने चर्चच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचे तर त्याला नेमके काय आडवे येते, या प्रश्नाचा त्यांच्याइतका जिव्हारी लागणारा अनुभव तेव्हाच्या महाराष्ट्रात फार थोड्यांना होता. कारण त्या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना ते स्वतः उभे राहिले होते. आणि काही वर्षे तर तो उंबरठा त्यांच्या घरातूनच गेला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात नारायणाचा जन्म झाला. आई जानकीबाई लवकर गेली. पोरवयातच घर सुटले आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. १८८० साली मनकर्णिका गोखले यांच्याशी विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाचकांच्या घरच्या झाल्या. टिळकांचा पाय मात्र एका जागी ठरत नसे. आज कीर्तन, उद्या शिक्षकी, परवा आणखी काही. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे नियतकालिकही चालविले. हिंदुस्थानाची अवनती कशामुळे झाली आणि जातिभेदाने दुभंगलेल्या या समाजाला कोणता धर्म सावरू शकेल, हा विचार त्यांना त्या काळात पोखरत होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि निघताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. वाचन सुरू झाले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले. पुढे मुंबईतील ‘ज्ञानोदय’चे अमेरिकन संपादक जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हे अ‍ॅबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ओळखले गेले. एक ब्राह्मण अमेरिकन माणसाकडून ख्रिस्त समजून घेतो आणि तोच अमेरिकन पुढे आपल्या वाचकांना तुकाराम समजावून सांगतो, हा व्यवहार एकतर्फी नव्हता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे, तर देशी पाळकाच्याच हातून व्हावा हा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो विधी केला. पुढे बावीस वर्षांनी साताऱ्यात जे घडले, त्याचे बीज या आग्रहातच शोधावे लागते.

त्या दिवसाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पदरात लहानगा दत्तू, नवरा बाटलेला आणि भोवती नातलगांचा आकांत. जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नी विभक्त राहिली; त्यातला बराच काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरी बहिणीच्या घरी काढला. अखेर त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. ख्रिस्ती वस्तीत राहून एक ब्राह्मण बाई आपले सोवळे जपते आहे, हे दृश्य शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटले असेल. पण टिळकांनी त्यावर सक्ती केली नाही. ते स्वभावाने तापट, घायकुते आणि व्यवहारशून्य होते. लक्ष्मीबाईंनी त्यांची यथेच्छ फिरकी घेतली आहे. धर्माच्या बाबतीत मात्र या उतावळ्या माणसाने बायकोची वाट पाहिली. दोघांतला विश्वास वाढला तो वादविवादाने नव्हे, रोजच्या सहवासाने. शेजारच्या ख्रिस्ती माणसांचे वागणे पाहता पाहता, जाती देवाने केल्या नसून माणसांनी केल्या आहेत, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई आपण होऊन आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरातल्या या अनुभवातून टिळकांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की आली असावी. हिंदू माणूस ख्रिस्ती उपासनेपासून दूर राहतो तो केवळ ख्रिस्ताला नाकारतो म्हणून नाही. तेव्हाच्या प्रार्थनामंदिरातले वातावरणच त्याला परके होते. गाणी इंग्रजी भजनांची भाषांतरे आणि चालीही विलायती. मराठी शब्द त्या चालींत कोंबलेले, ऱ्हस्वदीर्घाची ओढाताण. धर्मांतर केले की नाव, पोशाख, खाणेपिणे सारेच साहेबी करावे अशी अनेकांची समजूत. अभंग-ओवीवर वाढलेल्या माणसाला तिथे बसवणे अवघड होते. त्याहूनही मोठा अडसर जातीचा. नगर भागातील ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग समाजातून आलेल्यांची संख्या मोठी. त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचे, ही कल्पनाच सवर्णाला सोसणारी नव्हती. चाल बदलल्याने हा दुसरा अडसर दूर होणार नव्हता, आणि टिळकांनी तो दूर करण्यासाठी कुणाला वेगळी पंगतही मांडली नाही.

चालीचे काम मात्र त्यांनी मनावर घेतले. अभंग, ओवी, पदे, आरतीच्या वळणाची गीते त्यांनी शेकड्यांनी रचली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेचा नूर त्यामुळे पालटला. नगर भागात ख्रिस्ती कीर्तन त्यांच्या आधीपासून होत होते, पण टिळक हाडाचे कीर्तनकार. त्यांनी त्यात पूर्वरंग-उत्तररंगाचा डौल आणि कवित्वाचा ओलावा आणला. चर्चच्या दारातून आत न येणारा माणूस कीर्तनाला येऊन बसे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत; हा पूल इतरांसाठीही खुला राहावा ही त्यांची धडपड होती.

यावर आक्षेप घेणारे तेव्हाही होते आणि आजही असतील. टाळ-चिपळ्या घेऊन सांगायचा तो ख्रिस्तच, मग हा धर्मप्रसाराचा नवा वेष नव्हे काय, असा हिंदूंच्या बाजूचा सवाल होता. तो गैरलागू म्हणता येत नाही. टिळक सर्व धर्म सारखे मानणारे नव्हते. त्यांच्या दरबाराचा राजा ख्रिस्तच होता आणि ते त्यांनी कधी दडवले नाही. प्रार्थना समाजातील त्यांचे समकालीन विठ्ठल रामजी शिंदे यांचा मार्ग या बाबतीत निराळा. शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अध्ययनासाठी गेले, ख्रिस्ती गुरूंपाशी बसले, १९०३ साली परतले आणि हिंदू एकेश्वरवादीच राहिले. दोघांनाही दुसऱ्याच्या देवघरात शिरून पाहावेसे वाटले. एकाने ते घर आपलेसे केले, दुसरा आपल्या घरी परतला. महाराष्ट्राला या दोघांचीही गरज होती.

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. घरात बालकवी ठोंबऱ्यांसारखा तरुण कवी मुलासारखा वावरत होता. लौकिक होता, हिंदू साहित्यिकांत मान होता, मिशनचा पगार होता. तरीही अस्वस्थता वाढत गेली. देशी ख्रिस्ती माणूस परक्या पैशावर आणि परक्या नेतृत्वावर किती दिवस जगणार, हा प्रश्न त्यांना टोचत होता. ज्याला मिशन पोसते तो आपल्याच देशबांधवांना परका वाटतो, हे ते रोज पाहत होते.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न, प्रकृती ढासळलेली, गाठीला काही नाही. त्यांनी संन्यास घेतल्याचे जाहीर केले. मात्र हा संन्यास बायको-मुलांना टाकून रानात जाण्याचा नव्हता. मालकीची आणि मोबदल्याची अपेक्षा तेवढी सोडायची होती. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यातून काय आले असेल, हे ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांना सांगायला नको. संन्याशाचा संसार अखेर त्यांनाच चालवायचा होता.

टिळकांनी दरबारासाठी सातारा निवडले. अमेरिकन मिशनचे काम इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते, पण गावाची प्रकृती समर्थ संप्रदायाची आणि मराठेशाहीच्या आठवणींची. ‘देवाचा दरबार’ म्हणजे नवे चर्च नव्हे आणि नवा पंथही नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते एक बंधुमंडळ. त्यात बाप्तिस्मा झालेला जसा येईल, तसाच न झालेलाही. दरबारातल्या माणसाने साऱ्यांचा मित्र आणि खरा देशभक्त म्हणून ओळखले जावे, ही अपेक्षा. बाप्तिस्मा टिळकांनी कधी निरर्थक ठरवला नाही. पण तो दारावरचा पहारा असू नये, असे त्यांना वाटे. ज्याला घर, जात, आई-वडील सोडवत नाहीत, पण ख्रिस्ताची ओढ आहे, अशा माणसाला आजवर उपासनेत स्थान एकच होते: पाहुण्याचे. टिळक त्याला कुटुंबातला म्हणून बोलावू पाहत होते.

यातली जोखीम चर्चच्या धुरीणांना लगेच जाणवली. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मान्य केले तर चर्चची सीमारेषा राहिली कुठे? ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी वाळीत पडणे सोसले, त्यांच्या त्यागाचे काय? हा दुसरा प्रश्न विशेष बोचणारा होता, कारण तो टिळकांच्या स्वतःच्या आयुष्यालाही लागू होता. १८९५ साली त्यांनी जी किंमत मोजली आणि लक्ष्मीबाईंना मोजायला लावली, ती १९१७ साली ते दुसऱ्यांकडून मागायला तयार नव्हते. याला कुणी विसंगती म्हणेल. पण पाच वर्षांची ती ताटातूट ज्याने भोगली, त्यानेच तशी ताटातूट दुसऱ्याच्या घरात नको म्हणावे, यात नवल काहीच नाही.

दरबाराला वेळ फार थोडा मिळाला. दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. सारी मदार एका माणसाच्या व्यक्तिमत्त्वावर होती. त्याच्यामागे दरबार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यांनाही १९३६ साली मृत्यू आला.

साताऱ्यातली कल्पना मात्र दुसऱ्या वाटेने पुढे सरकली. नगरला टिळकांच्या सहवासात आलेले इंग्रज अँग्लिकन पाद्री जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. देशी आणि विदेशी यांनी आश्रमात एकत्र, हिंदी रीतीने राहावे, हा संघाचा हेतू. १९२७ साली या संघाबरोबर पुण्यात आलेल्या तरुणांत व्हेरियर एल्विनही होते.

रोमन कॅथलिक चर्चला या दिशेने यायला आणखी बराच काळ लागला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले होते हे खरे, पण टिळकांच्या हयातीत कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेला लोकभाषांचे दार उघडले आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढून त्यांतील सत्याचा आणि पावित्र्याचा आदर करण्यास सांगितले. त्यानंतर १९७२ साली पुण्याच्या शिवाजीनगरमधील जुन्या ख्रिस्त सेवा संघाच्या वास्तूत कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी मिळून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम पुन्हा सुरू केला. पारशी कुटुंबात जन्मलेल्या सिस्टर वंदना आणि अद्वैताच्या अभ्यासक सारा ग्रँट या दोघी त्यात अग्रभागी होत्या. तिथल्या प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदांचेही वाचन होऊ लागले, आणि त्या प्रार्थनेला बसायला कुणाला आपला धर्म दाराबाहेर ठेवावा लागत नव्हता.