मेट्रो-३ च्या स्टेशनवर ज्यांचं नाव आहे, ते नाना शंकरशेठ

मुंबईच्या मेट्रो-३ वर ग्रँट रोड आणि महालक्ष्मीच्या मध्ये एक स्टेशन लागतं: जगन्नाथ शंकरशेठ. दिवाळीच्या सुट्टीत तेरखेड्याहून आलेल्या माझ्या भाच्याने तिथे दोन प्रश्न विचारले. हे कोण? आणि हा बोगदा सुरुंग लावून केला का? गाव फटाक्यांचं, त्यामुळे दुसरा प्रश्न येणारच होता. दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात.

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, म्हणजेच नाना, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं श्रीमंत व्यापाऱ्यांचं. वडील लवकर गेले आणि पेढी तरुण वयातच नानांच्या हाती आली. त्यांनी व्यापार वाढवला, पण पैसा नुसता साठवला नाही. शाळा-कॉलेजं उभी करण्यात ते पुढे होते. मुलींना शिकवण्याला विरोध होता, तेव्हा त्यांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली.

१८४५ मध्ये मुंबईत रेल्वे आणण्यासाठी नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेतला. भारतात तेव्हा प्रवाशांची एकही गाडी धावत नव्हती. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीत नाना संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारे ४००. त्यात नानाही होते.

१८५७ च्या उठावात मात्र याच नानांवर इंग्रज सरकारने संशय घेतला. चौकशी झाली, हाती काही लागलं नाही. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले.

आता सुरुंगाकडे येऊ. पुण्याकडे जाणारी रेल्वे बोरघाटातून नेताना डोंगरात बोगदे पाडावे लागले. डायनामाइट अजून आलं नव्हतं. मजूर हाताने खडकात भोकं पाडायचे, त्यात दारू ठासायचे, वात पेटवायचे आणि पळायचे. अपघातांत आणि पटकीच्या साथीत हजारो मजूर मेले. घाट १८६३ मध्ये खुला झाला. नाना ३१ जुलै १८६५ ला वारले.

मेट्रो-३ साडेतेहतीस किलोमीटरची आहे. २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली आहेत. काही स्टेशनं खणताना मोजूनमापून सुरुंग वापरले, पण गाडीचे लांब बोगदे १७ टीबीएम यंत्रांनी कोरले. टीबीएम म्हणजे पोलादी नळकांड्यासारखं भलंमोठं यंत्र. त्याच्या तोंडाशी फिरणारी गोल तबकडी असते. तिचे कठीण दात खडक फोडतात आणि चुरा मागून बाहेर जातो. लगेच मागे काँक्रीटचे वाकडे तुकडे जोडून कडं बसवतात. त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकतं. मग पुन्हा खोदाई, पुन्हा कडं. वर इमारती उभ्या असतात आणि माणसं आपापल्या कामात असतात.

भाच्याला हे सांगेपर्यंत दोन स्टेशनं गेली आणि गिरगाव आलं. वर कुठेतरी नानांचा वाडा होता, एवढंच मी म्हणालो. तो छताकडे बघत राहिला.