फ्रेडी मर्क्युरी
फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फारुख बुलसारा, जन्म: ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार, मृत्यू: २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ब्रिटिश रॉक गायक, पियानोवादक व संगीतकार होते. पारशी कुटुंबातील फारुख यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. पियानोचे धडे आणि पहिला बँड, दोन्ही तिथलेच. १९६४ साली झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० साली स्थापन झालेल्या क्वीन या बँडने त्यांना जगप्रसिद्ध केले.

बार्सिलोना

ऑपेराचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह गायलेला ‘बार्सिलोना’ हा अल्बम १९८८ साली प्रकाशित झाला. त्यातील बहुतेक रचना मर्क्युरी व माइक मोरान यांनी मिळून केल्या. रचनांचा घाट सिंफनी वाद्यवृंदाचा. साथ मात्र मुख्यतः सिंथेसायझरची होती आणि काबाये यांच्या आवाजापुढे ती तोकडीच वाटते. एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने मर्क्युरी गेले, तेव्हाही ही उणीव कायम होती. पुढे स्टुअर्ट मॉर्ली यांनी त्या रचना पूर्ण वाद्यवृंदासाठी नव्याने लिहिल्या व प्राग फिल्महार्मोनिक वाद्यवृंदाने त्या वाजवल्या. दोघांचे मूळ गायन कायम ठेवून ही आवृत्ती २०१२ साली, मर्क्युरी यांच्या निधनानंतर जवळजवळ २१ वर्षांनी, प्रकाशित झाली.