नाना फडणवीस
बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी, १७४२:सातारा - १३ मार्च, १८००:पुणे) हे पेशवाईतील मुत्सद्दी आणि कारभारी होते. पानिपतच्या रणातून (१७६१) ते बचावले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) बारभाईंच्या कारभारात ते अग्रणी ठरले.

जागतिक युद्ध आणि पुणे दरबार
मुंबईकर इंग्रजांना बेटाच्या रक्षणासाठी व व्यापारासाठी साष्टी आणि वसई हवी होती. रघुनाथरावांना पेशवेपद हवे होते. यातून सुरतेचा तह (१७७५) होऊन युद्ध पेटले. पुरंदरच्या तहाने (१७७६) ते काही काळ थांबले. त्याच सुमारास अमेरिकेतील वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध उठाव केला होता. १७७७ मध्ये नानांनी सें ल्युबिन या फ्रेंच वकिलास पुण्यात आश्रय दिला. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांना बंदर मिळेल, या भीतीने इंग्रजांच्या युद्धेच्छेस बळ मिळाले. १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेस जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तह करावा लागला. कलकत्त्याने तो नाकारला. तेव्हा नानांनी हैदर अली, निजाम व नागपूरकर भोसले यांची इंग्रजांविरुद्ध एकजूट घडवली (१७८०).

सालबाईच्या तहाने (१७८२) रघुनाथरावांचा दावा संपला; मात्र साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीयांना नव्या वखारी न देण्याचे बंधन मराठ्यांवर आले. फ्रेंचांचा पर्याय त्यामुळे मिटला.

अखेर
खर्ड्याच्या विजयानंतर (१७९५) त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. पुढील वारसाकलहात नानांना कैदही भोगावी लागली. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांच्या आतच दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह (१८०२) करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.